बैठकीच्या हाडाखाली काय घडतं? व्हीलचेअर, गादी आणि दाबजखमा

आसनमापक

व्हीलचेअरसाठी गादी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, ‘मऊ आहे ना?’ दुकानदार अंगठ्याने दाबून दाखवतो, घरचेही दाबून बघतात आणि खरेदी होते. अंगठ्याला मऊ लागणारी गादी हाडाखालच्या मांसाला सोयीची असेलच असं नाही. दाबजखमा, म्हणजे आपण ज्यांना सरसकट बेडसोअर म्हणतो, त्यातल्या बसण्यातून होणाऱ्या जखमांवर मराठीत नीट लिहिलेलं फार कमी सापडतं, म्हणून हा धागा. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी भर घालावी.

ताठ बसल्यावर धडाचं वजन मुख्यतः दोन हाडांवर येतं. त्यांना इशियल ट्यूबरोसिटी म्हणतात, साध्या भाषेत बैठकीची हाडं. कडक खुर्चीवर तळहात खाली घेऊन बसलात की दोन्ही टोकं हाताला लागतात. उभं असताना या हाडांवर ग्लुटियस, म्हणजे नितंबाच्या स्नायूचा जाड थर असतो. बसताना खुब्यात घडी पडली की बऱ्याच जणांत हा स्नायू हाडाखालून मागे आणि बाजूला सरकतो. बसलेल्या अवस्थेत काढलेल्या एमआरआयमध्ये हे दिसतं. मग हाडाच्या टोकाखाली उरते चरबी आणि त्वचा. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसात तर स्नायू आटलेला असतो, त्यात चरबी शिरलेली असते आणि हाड जवळजवळ कातडीवर टेकतं.

मळलेल्या कणकेच्या गोळ्यात सुपारी ठेवून गोळा पाटावर दाबला तर बाहेरून तो नुसता चपटा झालेला दिसतो. कापून पाहिलं की सुपारीलगतची कणीक सर्वांत पातळ झालेली असते. शरीरातही सर्वांत जास्त ओढाताण हाडाला लागून असलेल्या थरात होते. म्हणून खोल जखम आतून सुरू होते आणि कातडीवर शेवटी दिसते.

इजा दोन वाटांनी होते. पहिली सगळ्यांना ठाऊक आहे: रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू पोहोचत नाही, टाकाऊ द्रव्यं साचतात. तिला तास लागतात. दुसरी वाट आइंडहोव्हन आणि तेल अवीव इथल्या विद्यापीठांतल्या गटांनी गेल्या दोन-तीन दशकांत उलगडली. पेशीचा आकारच फार बदलला तर तिचं आवरण आणि आतला सांगाडा थेट फाटतो, रक्तपुरवठा चालू असला तरीही. आकारबदल मोठा असेल तर याला काही मिनिटं पुरतात. ‘दोन तासांनी उठवलं की झालं’ हा हिशेब खुर्चीला लागू पडत नाही तो यामुळे.

दाब आणि वेळ यांचं नातं उलटं आहे हे कोसियाक यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं: थोडा वेळ जास्त दाब किंवा जास्त वेळ थोडा दाब, दोन्हींतून जखम होते. रेस्विक आणि रॉजर्स यांचा १९७६ चा आलेख माणसांवरच्या निरीक्षणांतून आला. मात्र त्याची दोन्ही टोकं आज जशीच्या तशी मानत नाहीत. अगदी थोड्या वेळाच्या बाजूला तो आलेख प्रचंड दाबही चालवून घेतो, आणि पेशी नेमक्या तिथेच फाटतात.

शुश्रूषा

चांगला धागा. मी तपासणीपासून सुरू करते, कारण घरच्यांच्या हातात पहिली गोष्ट तीच आहे.

लाल डाग दिसला की त्यावर बोट ३ सेकंद दाबून सोडा. जागा पांढुरकी पडून परत लाल झाली तर रक्त अजून फिरतंय. रंग जराही बदलला नाही तर ती दाबजखमेची पहिली पायरी समजा आणि त्या जागेवर बसणं बंद करा. हे गोऱ्या कातडीला ठीक आहे. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिची वाट बघत बसलात तर पहिली पायरी हातची जाते. आपल्याला शोधायचंय ते असं: भोवतालपेक्षा गडद, जांभळट किंवा निळसर छटा, हाताच्या पाठीला लागणारी ऊब किंवा उलट गारवा, बोटाला लागणारा घट्टपणा किंवा पिचपिचीतपणा. नेहमी दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी तुलना करायची. कातडी किंचित ओली केली आणि उजेड तिरका पाडला तर फरक लवकर कळतो. ट्यूबलाइटपेक्षा खिडकीतला दिवसाचा उजेड बरा.

दिवसातून दोनदा: सकाळी अंथरुणातून उठण्याआधी आणि खुर्चीतून उतरल्यावर. उतरल्यावर दिसलेली लाली अर्ध्या तासात गेली पाहिजे. नाही गेली तर त्या दिवशीचं बसणं जास्त झालं, नाहीतर गादीत काहीतरी बिघडलं आहे. स्वतः बघणाऱ्यांनी लांब दांड्याचा आरसा वापरावा किंवा मोबाइलने फोटो काढावा. फोटोचा फायदा असा की कालच्याशी तुलना करता येते.

अजून एक महत्त्वाचं. कातडी न फाटता उमटणारा गडद जांभळा किंवा काळपट-लाल डाग, ज्याला खोल ऊतींची इजा म्हणतात, तो मूळ इजेनंतर साधारण ४८ ते ७२ तासांनी वर येतो. गुरुवारी डाग दिसला तर बुधवारची गादी तपासून उपयोग नाही, सोमवार-मंगळवारी काय झालं ते आठवा. लांबचा प्रवास, लग्नाच्या हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची, कमोडच्या कडक सीटवर गेलेला पाऊण तास. बहुतेकदा असंच काहीतरी निघतं.

कसबापेठी

दोन शंका. एक, गादीच्या माहितीपत्रकात ‘दाब ३२ मिमी पाऱ्याच्या खाली ठेवते’ असं छापलेलं असतं. ही मर्यादा खरी मानायची का? दोन, मधे भोक असलेली रिंगची उशी मेडिकलमध्ये सर्रास देतात. हाड भोकात येतं म्हणजे दाब शून्य, मग वाईट काय?

आसनमापक

पहिल्या शंकेचं उत्तर. ३२ हा आकडा लँडिस यांनी १९३० मध्ये मोजला. निरोगी माणसांच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत, जिथे रक्त आत येतं त्या बाजूला तो सरासरी दाब होता. परतीच्या बाजूला सुमारे १२. नखाच्या मुळाचा आकडा नितंबाच्या खोल स्नायूला लावायला काही आधार नाही. बसलेल्या माणसाच्या हाडाखाली चांगल्या गादीवरही पृष्ठभागाचा दाब ३२ च्या सहज वर असतो आणि तरी सगळ्यांना जखमा होत नाहीत. उलट ज्याचे स्नायू आटलेत, रक्तदाब कमी आहे, ताप आहे, त्याला कमी दाबही सोसत नाही. अमुक आकड्याखाली सुरक्षित अशी सर्वांना लागू पडणारी रेषा नाहीच. माहितीपत्रकातला तो दावा वाचून गादी घेऊ नका.

प्रेशर मॅपिंगबद्दलही इथेच सांगतो. सेन्सर असलेली पातळ चटई गादीवर टाकून रंगीत नकाशा काढतात. एकाच माणसाला दोन-तीन गाद्यांवर बसवून तुलना करायला ती उत्तम आहे: टोकाचा दाब कुठे, डावं-उजवं सारखं आहे का, मांड्या वजन घेतायत का. मात्र ती फक्त पृष्ठभागावरचा उभा दाब मोजते. आतला आकारबदल आणि घसरता ताण तिला दिसत नाही. बसल्या बसल्या लगेच घेतलेला नकाशा खोटा असतो, कारण फोम आणि मांस दोन्ही हळूहळू खचतात. निदान ५ ते १० मिनिटं बसवून मग घ्यायचा. चटईला सुरकुती पडली तर तिथे उगाच लाल पट्टा दिसतो, तो हाताने सपाट करून पुन्हा घ्यावा.

मुठाकाठ

रिंगच्या उशीबद्दल मी सांगते. कसबापेठी, हाडाखालचा दाब शून्य झाला तरी ते वजन कुठेतरी जातंच. ते सगळं रिंगच्या काठावर येतं. काठाखाली शिरा दबतात, मधल्या भागातून परत जाणारं रक्त अडतं, तिथे सूज येते आणि मधली कातडी भोकात खाली ओढली जाऊन ताणली जाते. ज्या जागेला वाचवायचं तिचीच पंचाईत. दाबजखमांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही रिंग वापरू नका असं स्पष्ट आहे. सायकलची ट्यूब, पाण्याने भरलेले हातमोजे, गुंडाळलेल्या चादरीचं चुंबळ या सगळ्यांना तेच लागू. हाडाखाली मुद्दाम खोलगट ठेवलेल्या गाद्या असतात, त्या वेगळ्या. त्यात वजन मांड्यांकडे आणि खुब्याच्या बाजूंकडे मोजून वळवलेलं असतं आणि त्या माणसाच्या मापाने बेततात.

आता घसरण्याकडे वळते. माझ्या मते घराघरांत दाबापेक्षा याकडे जास्त दुर्लक्ष होतं. कातडी गादीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. मधल्या थरांना तिरका ताण बसतो. यालाच शिअर म्हणतात. चरबीतून कातडीकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या यात पिळल्या जातात. बेनेट आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवलं की शिअर पुरेसा असला तर रक्तप्रवाह बंद पडायला निम्माच दाब पुरतो. म्हणजे गादी कितीही चांगली घेतली आणि माणूस घसरत राहिला तर पैसे वाया.

माणूस कशामुळे घसरतो, ते नेहमी गादीच्या बाहेर शोधा.

मांडीच्या मागचे स्नायू, हॅमस्ट्रिंग, आखडलेले असतील आणि पाय पुढे लांबवलेल्या फूटरेस्टवर ठेवले असतील तर ते स्नायू पेल्व्हिसला, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याला, मागे फिरवतात. मग माणूस त्रिकास्थीवर, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या भागावर बसतो. हॉस्पिटल पद्धतीच्या खुर्चीला पाय उचलायची सोय असते, ‘पाय सुजतात’ म्हणून ते दिवसभर वर ठेवले जातात आणि त्यातून माणूस खाली ओघळत राहतो. गुडघा ९० अंशांच्या जवळ आणा, गरज असेल तर त्याहून थोडा आत, की पेल्व्हिस सरळ होतो. पायाच्या सुजेसाठी मधेमधे आडवं होऊन पाय वर घ्यावेत.

सीट फार खोल असेल तरही हेच. गुडघ्यामागे सीटची कड लागू नये म्हणून माणूस आपोआप पुढे सरकून बसतो. गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटं मोकळी हवीत.

पाठ मागे झुकवणारी खुर्ची असेल तर क्रम पाळा. आधी पूर्ण सीट मागे कलती करायची, मग पाठ उघडायची. परत येताना आधी पाठ सरळ, मग सीट. उलट केलंत तर दर वेळी माणूस काही सेंटिमीटर पुढे घसरतो आणि काखेत धरून वर ओढावं लागतं. त्या ओढण्यात त्रिकास्थीवरची कातडी पुन्हा खरवडते.

आरा

मुठाकाठताई बरोबर बोलल्या. खुर्ची दुरुस्तीला आली की गादीच्या आधी मी सीटचं रेक्झिन बघतो. घडीच्या खुर्चीचं रेक्झिन वर्ष-दोन वर्षांत झोळी होतं. झोळीत दोन्ही मांड्या आत वळतात, एक कुल्ला खाली जातो आणि सगळं वजन एका हाडावर. वर कसलीही गादी टाका, ती त्या झोळीचाच आकार घेते. उपाय स्वस्त आहे: सीटच्या मापाचा १२ मिमी प्लायचा तुकडा, मरीन ग्रेड असेल तर लघवी-पाण्याने फुगत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मापाने कापून मिळतो. चारही कडा रंधा-पॉलिशपेपरने गोल करा, पुढची कड जास्त. खालून वेल्क्रोचे दोन पट्टे लावून फ्रेमच्या नळ्यांना बांधा, नाहीतर खुर्चीत चढता-उतरताना फळी सरकते.

फळी आणि गादी टाकली की माणूस वर चढतो. ८ सेंटिमीटरची गादी दबून ५-६ राहिली तरी पाय तेवढे उचलले जातात. म्हणून फूटप्लेट पुन्हा लावावीच लागते. फार खाली राहिली तर पाय लोंबतात, मांडीच्या पुढच्या टोकाला कड रुतते आणि माणूस पुढे सरकतो. फार वर घेतली तर गुडघे उचलले जातात, मांड्या गादी सोडतात आणि त्यांच्या वाट्याचं वजन परत हाडांवर येतं. बरोबर लागली आहे का हे बघायला तळहात सपाट करून मांडीच्या पुढच्या भागाखाली सरकवा. हात थोडा अडकत आत जावा. सहज फिरत असेल तर फूटप्लेट खाली घ्या, शिरतच नसेल तर वर. जमिनीपासून ५ सेंटिमीटर तरी ठेवा, आपल्या गतिरोधकांना आणि उंबऱ्यांना तेवढं लागतं. खुर्चीच्या हातांची उंचीही बघा. गादीमुळे आर्मरेस्ट खाली गेल्यासारखे होतात आणि माणूस एका कोपरावर रेलून बसायला लागतो.

गाद्यांबद्दल थोडक्यात. फोम हलका आणि स्थिर, फक्त तो मरतो. दुकानात ३२, ४० असे डेन्सिटीचे आकडे सांगतात. ते एका घनमीटरला किती किलो, एवढंच सांगतात. टणकपणा वेगळा असतो. जास्त डेन्सिटीचा फोम टिकतो जास्त, तो मऊही असू शकतो आणि कडकही. रिबाँडेड फोम, म्हणजे तुकडे चिकटवलेला, गाद्यांच्या तळाला ठीक, बैठकीला लागेल असा वर वापरू नका. मेमरी फोम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कडक असतो, अंगाच्या उबेने सैल व्हायला वेळ लागतो. जेलची गादी जड, आणि जेल हाडाखालून बाजूला पळतं. रोज सकाळी हाताने मळून ते मधे आणावं लागतं, नाहीतर हाडाखाली नुसता तळ उरतो. हवेच्या कप्प्यांची गादी हाडाला सर्वांत खोल सामावून घेते, पण तोल कमी देते आणि तिच्याकडे रोज बघावं लागतं. धड सावरता न येणाऱ्याला ती दिली तर तो बिचकून तिरका बसतो, तिथे फोमचा तळ आणि मधे हवा अशी मिश्र बरी.

इंद्रायणीकाठ

हवेच्या गादीत हवा किती भरायची हे नेमकं सांगाल का? ‘टणक लागली की बस’ असं सांगितलं जातं.

आरा

टणक लागली म्हणजे जास्त झाली. फुगलेल्या गादीवर माणूस वर तरंगतो, हाडं आत बुडत नाहीत, टेकणारं क्षेत्रफळ कमी होतं आणि टोकाचा दाब वाढतो.

पद्धत अशी. गादी थोडी जास्त फुगवा. माणसाला नेहमीच्या कपड्यांत, पाय फूटप्लेटवर ठेवून बसवा, पाचेक मिनिटं जाऊ द्या. बाजूने किंचित झुकवून हात गादी आणि कुल्ला यांच्या मधे घाला, सर्वांत खालचं हाड बोटांनी शोधा, मग माणसाला सरळ करा. आता झडपेतून हवा सोडत जा, हाड आणि गादीचा तळ यांत दीड ते अडीच सेंटिमीटर उरेल तिथे थांबा. बोटं हलवून वर-खाली जेमतेम जागा लागली पाहिजे. बोटं दोन्हीकडून चेपली गेली तर हाड तळाला लागलं, हवा वाढवा. दोन्ही बाजू तपासा, जे हाड खाली आहे ते खरं माप. रोज सकाळी एकदा.

पुणेकरांना खास सांगण्यासारखी गोष्ट घाटाची. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे बेतलेली गादी घेऊन मुंबईला उतरलात की बाहेरच्या हवेचा दाब सहा-साडेसहा टक्क्यांनी वाढतो आणि बंद कप्प्यांतली हवा तेवढी आवळते. हाडाखाली दोन सेंटिमीटरच अंतर असेल तर त्यातला बराच भाग गेला, आणि गाडी तीन तास चालू आहे. खोपोलीला घाट उतरलात की थांबून तपासा, हवा घाला. महाबळेश्वरला उलट. पसरणी घाट चढून पाचगणीला पोहोचेपर्यंत तुम्ही १२०० मीटरच्या वर असता, गादी टम्म होते, हवा सोडावी लागते. आणि परत येताना वाईला ती पुन्हा भरावी लागते, हे बरेच जण विसरतात. हातपंप खुर्चीच्या पिशवीतच ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीतही हवा फुगते. गार झाल्यावर परत मापा, तापलेल्या अवस्थेत सोडलीत तर संध्याकाळी कमी पडेल.

आसनमापक

आरा यांनी सांगितलं त्यात एक जोड. गादीच्या वर जे काही घालाल ते तिचं काम अडवतं. घट्ट शिवलेलं कव्हर, त्यावर टॉवेल, त्यावर प्लास्टिक, त्यावर पॅड. चार थर झाले की ताणलेल्या कापडावर माणूस तरंगतो आणि हाडं बुडत नाहीत. कव्हर दोन्ही दिशांना ताणलं जाणारं आणि सैलसर हवं. गळतीसाठी एकच पातळ पॅड. जीन्सच्या मागच्या खिशाचे रिव्हेट, पाकीट, कॅथेटरची नळी, चादरीची शिवण, यातलं काहीही हाडाखाली आलं तर तेवढ्याच रेघेत जखम होते.

मुठाकाठ

वजन हलवण्याबद्दल. पूर्वीपासून शिकवलं जातं ते असं: हातांवर जोर देऊन १५-३० सेकंद उचला, दर अर्ध्या तासाने. कोग्रेव्ह आणि रोझ यांनी २००३ मध्ये मज्जारज्जूच्या रुग्णांत त्वचेतला प्राणवायू मोजला. तो पूर्ववत व्हायला सरासरी १ मिनिट ५१ सेकंद लागले. एवढा वेळ हातांवर कोणी उचलून राहू शकत नाही, आणि रोज तसं करून खांदे जातात. खांदा गेला की चढ-उतर, ढकलणं सगळंच अडतं.

त्याऐवजी पुढे वाकणं. ब्रेक लावा, पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळलेली ठेवा म्हणजे खुर्ची कलंडत नाही, कोपरं गुडघ्यांवर किंवा छाती मांड्यांवर टेकवा, २ मिनिटं राहा. टेबल असेल तर त्यावर ओणवं व्हा. तोल राहत नसेल तर एकेका बाजूला झुका, दोन्हीकडे दोन-दोन मिनिटं. झुकताना दुसरा कुल्ला खरंच सुटतोय का हे एकदा हात घालून कोणाकडून तरी तपासून घ्या, कारण नुसती मान आणि खांदे कलतात आणि बूड जागेवरच असतं. दर १५ ते ३० मिनिटांनी हे व्हायला हवं. मोबाइलचा गजर लावा. संवेदना असलेला माणूस दर थोड्या मिनिटांनी नकळत चुळबुळ करतो, तीच चुळबुळ इथे ठरवून करायची आहे.

स्वतः हलता येत नसेल तर सीट कलती होणारी खुर्ची. १०-१५ अंशांनी हाडांवरचा भार फारसा हलत नाही. ३० अंशांच्या पुढे गेल्यावर तो पाठीकडे जातो.

नवी गादी किंवा जखम भरल्यानंतरचं पहिलं बसणं ३० मिनिटांपासून सुरू करा. उतरवा, बघा, कातडी स्वच्छ असेल तरच पुढच्या वेळी १५ मिनिटं वाढवा.

हिंजवडी_फेज२

थोडं बाजूचं विचारतो. संवेदना शाबूत असलेले आम्ही लोक दहा तास खुर्चीत असतो. आम्हाला जखमा होत नाहीत, तरी कंबर धरते. तिथे ऊतींचं काय होतं?

मुठाकाठ

तिथे कातडीपेक्षा मणक्यांमधल्या चकत्या आणि मागचे अस्थिबंध यांचा प्रश्न आहे. ‘बसल्यावर चकतीवर उभ्यापेक्षा ४० टक्के जास्त दाब’ हे नाकेमसन यांच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या मोजमापांतून आलं. विल्के यांनी १९९९ मध्ये एका माणसाच्या चकतीत सेन्सर ठेवून मोजलं तेव्हा सैल उभं राहताना ०.५ मेगापास्कल आणि आधाराशिवाय बसताना ०.४६ आलं, पूर्ण पुढे वाकून बसल्यावर ०.८३. म्हणजे बसण्यापेक्षा पोक काढून बसणं महत्त्वाचं. मॅकगिल आणि ब्राउन यांच्या १९९२ च्या प्रयोगात २० मिनिटं पूर्ण वाकून बसल्यावर पाठीचे अस्थिबंध सैलावले. उठल्यावर पहिल्या दोन मिनिटांत निम्मी सुधारणा झाली, पण अर्ध्या तासानंतरही थोडा सैलपणा शिल्लक होता. म्हणून लांब बैठकीनंतर उठल्या उठल्या वाकून पाण्याचा जार उचलू नका. आधी दोन-तीन मिनिटं उभे राहा, चाला. बाकी यासाठी वेगळा धागा काढू या, इथे व्हीलचेअरवरच राहू.

शुश्रूषा

मला तीन गोष्टी जोडायच्या आहेत, तिन्ही आपल्याकडच्या.

साइडचाकं लावलेली स्कूटर. खुर्चीवर महागाची गादी आणि स्कूटरवर नुसतं रेक्झिन, असं सर्रास दिसतं. खड्ड्यात बसणारा धक्का क्षणात हाडाखालचं मांस चेपतो, तिथे मिनिटांचा हिशेबच राहत नाही. ५ सेंटिमीटरची कमी उंचीची गादी पट्ट्याने घट्ट बांधून वापरा आणि पाय जमिनीवर फरफटणार नाहीत असे ठेवा. उन्हात उभ्या स्कूटरचं सीट बसण्याआधी हाताच्या मनगटाने तपासा. संवेदना नसलेल्या कातडीला भाजल्याचं कळत नाही, घरी गेल्यावर फोड दिसतो. सायलेन्सरपासून पोटरी दूर.

खाली बसणं. देवपूजा, पंगत, हळदीकुंकू यासाठी पाटावर किंवा शहाबादी फरशीवर मांडी घालून बसवतात. पाटावर बैठकीच्या हाडांवरचा दाब गादीच्या कित्येक पट होतो आणि घोट्याची बाहेरची हाडं जमिनीवर टेकतात. माणसाला कार्यक्रमातून वगळू नका. खुर्चीची गादीच खाली पाटावर ठेवा, घोट्याखाली फोम द्या आणि १५ मिनिटांत वजन हलवा. खाली उतरवताना फरफटत नेणं हेच सर्वांत जास्त कातडी सोलतं, दोघांनी उचला.

तिसरं, चोळणं. लाल झालेल्या जागेवर खोबरेल तेल किंवा स्पिरिट लावून जोरात चोळायची सवय मनापासूनच्या काळजीतून येते, हे मला समजतं. पण आत आधीच दुखावलेल्या पेशी असतात आणि चोळल्याने त्या अजून फाटतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडून चिरते. मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावा, हाडाच्या टोकावर दाब देऊ नका. उन्हाळ्यात घाम आणि पावसाळ्यात दमट कपडे, दोन्हींत कातडी मऊ पडते आणि गादीला जास्त चिकटते, म्हणजे शिअरही वाढतो. शरीराचं तापमान एका अंशाने वाढलं की ऊतींची प्राणवायूची गरज सुमारे १० टक्क्यांनी वाढते. ताप असलेल्या दिवशी बसण्याचा वेळ निम्म्यावर आणा.

कसबापेठी

फोमची गादी ओली झाली तर वाळवायची कशी? गच्चीत ऊन दाखवतो आम्ही, कापसाच्या गाद्यांना दाखवतो तसं.

आरा

फोमला ऊन नको. उन्हाने तो पिवळा पडतो, वरचा थर ठिसूळ होऊन भुगा सुटतो आणि तेवढ्या भागाचा आधार जातो. कव्हर काढून धुवा, फोम दोन कोरड्या टॉवेलांत दाबून पाणी शोषून घ्या, पिळू नका, मग पंख्याखाली उभा ठेवा. लघवी आतपर्यंत मुरली असेल तर तो टाकून द्या, वास जात नाही आणि कातडीला ओल लागत राहते.

गादी मेली का हे बघायला ती टेबलावर ठेवा आणि तळव्याने हाडांच्या जागी दाबून सोडा. खळगा लगेच भरला पाहिजे. कडेपेक्षा मधे कायमचा खड्डा पडला असेल, किंवा बसल्यावर हाडाखाली अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी फोम उरत असेल, तर बदला. घेतल्याची तारीख तळाला मार्करने लिहा. त्याच मार्करने पुढच्या बाजूला बाण काढा, कारण धुतल्यावर गादी उलटी लावली जाते आणि मांड्यांसाठीचा उंचवटा हाडाखाली येतो. कव्हरची चेन नेहमी मागे.